बुडबुड्याची हद्द

शिरूर तालुक्यातील केंदूर हे पर्जन्यछायेतले गाव. कान्होराज पाठकांच्या समाधीमुळे वारकरी संप्रदायात त्याला मान आहे; शेती मात्र पावसाच्या मर्जीवर. वेळ नदीच्या खोऱ्यातून दक्षिणेला उतरत आपण भीमा ओलांडली, की दौंड तालुका लागतो आणि चित्र पालटते. राहू बेट, पारगाव, केडगाव या पट्ट्यात ऊस आहे आणि उसाबरोबर गुऱ्हाळे आहेत. काहिलीत रस उकळू लागला की तळातून वाफेचे बुडबुडे सुटतात. सुरुवातीला रस पातळ असतो, तेव्हा ते झपाट्याने वर येऊन फुटतात. मळी काढून झाल्यावर रस आटत जातो, फेस काठापर्यंत चढतो, बुडबुड्यांची चाल मंदावते आणि अखेरीस ११६ ते ११८ अंश सेल्सियसच्या आसपास दाट पाकातून जड, चिवट बुडबुडे येऊ लागतात. गुळव्या त्यांचा आकार पाहतो, आवाज ऐकतो, चिमूटभर पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. द्रवातून वायू जाताना दोघांची गती कशी ठरते, हा प्रश्न त्याने अनुभवाने सोडवलेला असतो. तोच प्रश्न समीकरणांनी आणि पुढे संगणकाने सोडवायला दोन शतके लागली, आणि ते काम अजून पुरे झालेले नाही. या दोन शतकांचा मागोवा घेताना एकच अडचण वेगवेगळ्या वेशांत भेटत राहते: द्रव कुठे संपतो आणि वायू कुठे सुरू होतो, ही हद्द क्षणोक्षणी हलते, वाकते, तुटते, पुन्हा जुळते. ती मांडायची कशी?

मागे जायचे तर लिओनार्दो दा विंचीपाशी थांबावे लागते. १५०६ ते १५१० या काळात लिहिलेल्या पाण्याविषयीच्या त्याच्या टिपणांत एक निरीक्षण आहे: पाण्यातून वर येणारा हवेचा बुडबुडा सरळ येत नाही, वळसे घेत येतो. कारण त्याला सापडले नाही. ही नोंद पुढची पाचशे वर्षे उत्तराची वाट पाहत पडून राहिली. तिच्याकडे आपण यथावकाश येऊ. हद्दीचे पहिले खरे गणित आले ते १८०५च्या सुमारास. इंग्लंडमध्ये थॉमस यंग आणि फ्रान्समध्ये पियेर-सिमाँ लाप्लास या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवले, की बुडबुड्याच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो आणि बुडबुडा जितका लहान तितका हा फरक मोठा. गंमत अशी, की लाप्लासने हे ग्रहताऱ्यांच्या गतीवरील आपल्या महाग्रंथाच्या पुरवणीत छापले. एक मिलिमीटर त्रिज्येच्या पाण्यातल्या बुडबुड्यात हा जादा दाब सुमारे १४४ पास्कल भरतो, म्हणजे जेमतेम दीड सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाएवढा. त्रिज्या दशांश केली की दाब दहापट. आज कोट्यवधी रुपयांच्या यंत्रांवर चालणाऱ्या प्रत्येक बुडबुड्याच्या सिम्युलेशनमध्ये हे २२० वर्षांपूर्वीचे सूत्र जसेच्या तसे बसलेले असते, आणि सर्वांत जास्त त्रासही तेच देते.

यानंतरचा टप्पा चालीचा. नाविए यांनी १८२२ साली आणि स्टोक्स यांनी १८४५ साली घट्ट द्रवाच्या गतीची समीकरणे मांडली. १८५१ साली स्टोक्स यांनी द्रवातून सावकाश सरकणाऱ्या टणक गोळ्यावर किती अवरोध येतो, याचे सूत्र दिले. पण बुडबुडा टणक नसतो. त्याच्या आतली हवाही फिरते, पृष्ठभाग घसरतो. साठ वर्षांनी, १९११ साली, पॅरिसमध्ये आदामार आणि पोलिश शास्त्रज्ञ रिबचिन्स्की या दोघांनी एकमेकांना न विचारता एकच उत्तर काढले: असा बुडबुडा तेवढ्याच हलक्या टणक गोळ्याच्या दीडपट वेगाने वर जायला हवा. प्रयोग करून पाहिले तर लहान बुडबुडे हट्टाने टणक गोळ्यासारखेच चढताना दिसले. गणित चुकले नव्हते, पाणी अस्वच्छ होते. पाण्यातले साबणासारखे अंश बुडबुड्याच्या कातड्यावर जमतात, मागे ढकलले जातात आणि पृष्ठभाग घसरू देत नाहीत. हा उलगडा १९४७ साली फ्रुमकिन आणि लेविच या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी केला. इथे जरा रेंगाळायला हरकत नाही, कारण हे आपल्या ओळखीचे आहे. काहिलीतला फेस ऊतू जाऊ लागला की गुऱ्हाळात एरंडेल किंवा शेंगदाण्याचे थोडे तेल टाकतात आणि फेस बसतो. आळंदीला इंद्रायणीवर जो पांढरा फेस तरंगताना दिसतो, त्यामागे सांडपाण्यातली साबणाची द्रव्ये असतात. हद्दीवर जमलेला अत्यल्प पदार्थ सगळ्या प्रवाहाचा स्वभाव बदलतो, ही गोष्ट आजही सिम्युलेशन करणाऱ्यांना पुरती हाताळता येत नाही, असे माझे मत आहे.

आदामार-रिबचिन्स्की यांच्याच काळात एक वेगळी शाखा फुटली. जहाजांचे पंखे वेगाने फिरले की त्यांच्या पात्यांना खड्डे पडत. दाब कमी झाल्याने पाण्यात पोकळ्या तयार होतात आणि त्या मिटताना आघात करतात, हे रॉयल नेव्हीच्या लक्षात आले होते. द्रवातली गोल पोकळी किती वेळात मिटेल, हे कोडे बेझंट या गणितज्ञाने १८५९ सालीच घातले होते. लॉर्ड रॅली यांनी १९१७ साली ते पूर्ण सोडवले आणि मिटण्याच्या शेवटच्या क्षणी दाब प्रचंड वाढतो हे दाखवले. या शाखेचे एक टोक मुंबईत आहे. रसायन तंत्रज्ञान संस्थेतील अनिरुद्ध पंडित यांनी केंब्रिजमध्ये डेव्हिडसन यांच्याबरोबर द्रवाचा पातळ पापुद्रा फुटताना काय होते यावर १९९० साली निबंध प्रसिद्ध केला. १९९३ साली त्याच संस्थेतील ज्येष्ठराज जोशी यांच्याबरोबर त्यांनी मिटणाऱ्या पोकळ्यांची शक्ती वापरून तेलाचे विघटन करून पाहिले. जहाजाची पाती खाणारा बुडबुडा असा कामाला जुंपला गेला.

एकेका बुडबुड्याचे हाती सोडवलेले गणित कुठवर जाते, याची परिसीमा डेव्हिस आणि जेफ्री टेलर यांच्या १९५०च्या निबंधात दिसते. मोठा बुडबुडा गोल राहत नाही. वरून घुमटासारखा आणि खालून सपाट होतो. त्यांनी नायट्रोबेन्झीनमध्ये असे बुडबुडे सोडून छायाचित्रे घेतली आणि घुमटाच्या वक्रतेवरून वेग सांगणारे आटोपशीर सूत्र दिले. अणुस्फोटानंतर वर चढणाऱ्या तप्त गोळ्यालाही टेलर यांनी हाच हिशेब लावून पाहिला. मात्र अशी सूत्रे फक्त दोन टोकांना चालत: अगदी लहान गोल बुडबुडा किंवा अगदी मोठा घुमट. मधला, डगमगणारा, पसरट बुडबुडा, जो कारखान्यात आणि काहिलीत प्रत्यक्ष असतो, तो कोणत्याच सूत्रात मावत नव्हता. त्याच्यासाठी समीकरणे तुकड्या-तुकड्याने, आकडेमोड करूनच सोडवावी लागणार होती. ही कल्पना हवामानासाठी लुईस रिचर्डसन यांनी १९२२ साली मांडली होती. त्यांनी त्यासाठी ६४,००० माणसे एका सभागृहात बसून हिशेब करीत आहेत, असे स्वप्न रंगवले होते. माणसांच्या जागी यंत्रे आली तेव्हा ते स्वप्न खरे होऊ लागले.

यंत्रे आधी आली ती बॉम्ब बनवणाऱ्यांकडे. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत फ्रान्सिस हार्लो यांच्या गटाने १९५०च्या दशकात प्रवाहाचे संगणकीय गणित सुरू केले. १९६५ साली हार्लो आणि वेल्च यांनी जी पद्धत प्रसिद्ध केली, तिथून आपल्या कथेचा आधुनिक भाग सुरू होतो. जागेचे चौकोनी तुकडे पाडायचे आणि द्रवात वजनरहित खुणेचे कण सोडायचे. कण आहेत त्या चौकटीत द्रव, नाहीत तिथे हवा. फुटणारे धरण, वर केलेल्या दारातून सुटलेले पाणी, अशी चित्रे यंत्राने प्रथमच काढून दाखवली. कल्पना सुरेख होती, पण कणांचा हिशेब ठेवता ठेवता त्या काळच्या यंत्रांची स्मृती संपून जाई.

यावर १९८१ साली हर्ट आणि निकोल्स यांनी त्याच प्रयोगशाळेतून जो तोडगा काढला तो सर्वाधिक टिकला. व्हॉल्यूम ऑफ फ्लुइड असे त्याचे नाव. सातबाऱ्यावर सामाईक गटात कुणाचा किती हिस्सा हे लिहिलेले असते, बांध नेमका कुठून जातो हे नसते. या पद्धतीत प्रत्येक चौकटीचे तसेच. द्रवाचा हिस्सा १ असेल तर चौकट भरलेली, ० असेल तर रिकामी, आणि ०.३ किंवा ०.७ असेल तर हद्द तिथून जाते एवढेच कळते. प्रत्येक चौकटीला एकच आकडा ठेवायचा, म्हणून स्मृती वाचते. हिस्से हस्तांतरित होतात, नाहीसे होत नाहीत, म्हणून द्रवाचे वस्तुमान टिकते. बुडबुडा दुभंगला किंवा दोन बुडबुडे एक झाले तरी वेगळी तजवीज लागत नाही. हिश्श्याच्या आकड्यावरून चौकटीत तिरका सरळ बांध आखण्याची रीत १९८२ साली ब्रिटनच्या अण्वस्त्र केंद्रातील डेव्हिड यंग्ज यांनी सुधारली. हर्ट यांनी स्वतःची कंपनी काढली आणि ही विद्या बाजारात आली.

या पद्धतीच्या पहिल्या उपयोगांपैकी एक आपल्याशी सांधलेला आहे. हर्ट आणि निकोल्स यांनी उकळत्या पाण्याच्या अणुभट्टीतील पाण्याच्या कुंडात वाफ घुसली तर काय होते, याचे गणित, आपला निबंध छापून येण्याआधीच, १९८० साली केले होते. अशाच जातीच्या, अमेरिकेहून आलेल्या दोन भट्ट्या पालघरजवळ तारापूरला १९६९ सालापासून वीज देत होत्या. अशा भट्टीत इंधनाभोवती पाणी उकळते आणि बुडबुड्यांचे प्रमाण वाढले की साखळी प्रक्रिया मंदावते; म्हणजे बुडबुडे तिथे नियंत्रकाचेच काम करतात. त्यांचे प्रमाण किती, हे नीट सांगता येणे ही सुरक्षिततेची गरज होती. दोन अवस्थांच्या प्रवाहाच्या अभ्यासाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जो पैसा मिळाला, त्यातला मोठा वाटा या गरजेचा आहे.

पुढची दहा-बारा वर्षे आपण भराभर ओलांडू. १९८८ साली ओशर आणि सेथियन यांनी हद्द ही एका गुळगुळीत फलनाची शून्य-रेषा मानली. १९९४ साली ती कल्पना बुडबुड्याला लागू झाली. १९९२ साली मिशिगनमध्ये उन्व्हर्दी आणि त्रिग्वासन यांनी हद्दीवरच खुणांची जाळी बसवून ती चालवली. त्याच वर्षी लॉस अलामॉसच्या ब्रॅकबिल, कोथे आणि झेमाख यांनी पृष्ठताण चौकटींत वाटून द्यायची युक्ती दिली. त्यात एक खोट राहिली. स्थिर पाण्यात स्थिर बुडबुडा ठेवला तरी यंत्रात त्याच्याभोवती खोटे भोवरे उठत. लाप्लासचा तो जादा दाब आकड्यांत नेमका तोलला जात नसे, आणि उरलेली तफावत प्रवाहाच्या रूपाने वाहू लागे. हे भोवरे शमवण्यात पुढच्या पिढीच्या संशोधकांची कित्येक वर्षे खर्ची पडली.

यंत्राचे उत्तर खरे की खोटे, हे मात्र बाटलीतल्या बुडबुड्यालाच विचारावे लागते. इथे साखर पुन्हा कथेत येते. १९८१ साली, हर्ट-निकोल्सच्या निबंधाच्याच वर्षी, भागा आणि वेबर यांनी कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी निरनिराळ्या दाटपणाच्या साखरेच्या पाण्यात बुडबुडे सोडले, आकार टिपले, वेग मोजले. साखरच का? २० अंश सेल्सियसला वीस टक्के साखरेचे पाणी साध्या पाण्याच्या जवळपास दुप्पट घट्ट असते आणि साठ टक्क्यांचे पंचावन्न ते साठ पट. घनता थोडीच बदलते, दाटपणा हवा तसा बदलता येतो, आणि द्रव पारदर्शक राहतो. गोल, चपटा, टोपीसारखा, खाली झालर लोंबणारा, असे बुडबुड्याचे सगळे अवतार त्यांनी एका मालिकेत दाखवले. जगभर नवा प्रोग्राम लिहिणारा आजही आपला बुडबुडा त्यांच्या साखरपाण्यातल्या छायाचित्रांशी ताडून पाहतो. लॉस अलामॉसच्या यंत्रांइतकेच श्रेय या साखरेला दिले पाहिजे, आणि ते क्वचितच दिले जाते.

आतापर्यंतची कथा एकट्या बुडबुड्याची झाली. कारखान्यात मात्र उंच नळकांड्यात तळातून वायू सोडतात, लक्षावधी बुडबुडे द्रव घुसळत वर जातात आणि त्या घुसळणीत रासायनिक क्रिया होते. या बबल कॉलममधल्या प्रत्येक बुडबुड्याची हद्द आखायची तर व्यासावर किमान वीसेक चौकटी हव्यात, म्हणजे एका बुडबुड्याला आठ हजार आणि दहा लाख बुडबुड्यांना आठ अब्ज. तेव्हा दुसरी वाट निघाली: हद्द सोडून द्यायची आणि द्रव व वायू दोघेही प्रत्येक ठिकाणी काही प्रमाणात आहेत असे धरून सरासरीची समीकरणे मांडायची. ममोरू इशी यांनी १९७५ साली या मांडणीला भक्कम पाया दिला. महाराष्ट्राने या विषयात जी भर घातली ती याच दुसऱ्या वाटेवर.

मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग १९३३ साली स्थापन झाला. तोच पुढे यूडीसीटी म्हणून आणि नंतर आयसीटी, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणून ओळखला गेला. केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन १९६४ साली तिथे आलेल्या मनमोहन शर्मा यांनी वायू आणि द्रव यांच्या संपर्कातील क्रियांचा अभ्यास उभा केला. त्यांचे विद्यार्थी ज्येष्ठराज जोशी. या दोघांचा १९७९चा निबंध माझ्या मते मराठी मुलखातल्या या विषयाचा आद्य दस्तऐवज आहे. कॉलमच्या मध्यभागी बुडबुड्यांबरोबर द्रव वर जातो आणि भिंतीलगत खाली येतो, हे ठाऊक होते. जोशी-शर्मा यांनी ऊर्जेचा जमाखर्च मांडून सांगितले, की असा एकच मोठा फेर नसून जवळपास व्यासाइतक्या उंचीचे अनेक फेर एकावर एक रचलेले असतात. आणि त्यावरून द्रवाचा वेग काढून दाखवला. यात महासंगणक नव्हता. पण कारखाना बांधणाऱ्याला लागणारा आकडा त्यातून मिळत होता. जोशी यांनी पुढे संगणकीय प्रवाह-गणित हाती घेतले आणि २००१ साली बबल कॉलमच्या अशा गणिताचा विस्तृत आढावा लिहिला. त्यांना १९९१ साली भटनागर पुरस्कार आणि २०१४ साली पद्मभूषण मिळाले. मराठी विज्ञान परिषदेशीही त्यांचे जुने नाते आहे.

पुण्यात ही विद्या पाषाणला रुजली. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले होते. जोशींचेच विद्यार्थी विवेक रानडे यांनी तिथे औद्योगिक प्रवाहांच्या गणिताचा गट उभा केला. २००२ साली त्यांचे रासायनिक भट्ट्यांच्या संगणकीय प्रवाह-गणितावरील इंग्रजी पुस्तक आले आणि २००४ साली त्यांनाही भटनागर पुरस्कार मिळाला. २००२ मध्येच विवेक बुवा आणि रानडे यांनी आयताकृती टाकीत सोडलेला बुडबुड्यांचा झोत डावी-उजवीकडे कसा हेलकावतो, हे प्रयोगाने मोजले आणि यंत्राने काढून ताडले. त्याच पुण्यात १९८८ साली महासंगणक बनवणाऱ्या सी-डॅकची स्थापना झाली, १९९१ साली तिचा परम ८००० तयार झाला आणि २००७ साली टाटांचा ‘एका’ हा महासंगणक जगात चौथा आला. वर्तमानपत्रांत ठळक मथळे या यंत्रांना मिळाले. त्यांवर कोणती समीकरणे सोडवायची, हे ठरवणाऱ्यांची नावे आतल्या पानांवरही फारशी आली नाहीत.

एकविसाव्या शतकात ही विद्या मोकळी झाली. स्तेफान पोपिने यांनी २००३ साली गेरिस हा प्रवाह-गणिताचा मुक्त प्रोग्राम दिला, २००४ साली ओपनफोम हा तसाच दुसरा प्रोग्राम सर्वांसाठी खुला झाला, आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने तो महाविद्यालयांत नेला. ज्यासाठी एकेकाळी लॉस अलामॉसच्या फाटकातून आत जावे लागे, ते गणित आज शिरूरमधल्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर चालते. पण मोकळ्या हाताबरोबर सावधपणाही हवा. २००९ साली हायसिंग आणि सहकाऱ्यांनी तीन वेगवेगळ्या प्रोग्रामांना चढत्या बुडबुड्याची तीच दोन गणिते घातली. पहिल्यात बुडबुडा अखंड राहतो. तिघांची उत्तरे जुळली. दुसऱ्यात बुडबुड्याला मागे बारीक शेपट्या फुटतात. त्या तुटल्यावर काय होते यावर तिघांचे एकमत झाले नाही. हद्द तुटण्याच्या क्षणी प्रत्येक पद्धत आपापल्या चौकटीच्या आकाराएवढी आंधळी होते. आणि लिओनार्दोचे ते टिपण? २०२३ साली सेव्हिलचे हेर्रादा आणि ब्रिस्टलचे एगर्स यांनी हद्द अत्यंत अचूक धरणारी पद्धत वापरून दाखवले, की शुद्ध पाण्यात बुडबुड्याची त्रिज्या ०.९२६ मिलिमीटरच्या पुढे गेली की त्याची सरळ वाट अस्थिर होते. तो कलतो, कलल्याने एका बाजूची वक्रता आणि प्रवाह बदलतो, त्यामुळे तो परत सावरतो आणि दुसरीकडे कलतो. प्रयोगांत दिसलेल्या आकाराशी हा आकडा जुळला.

कारखान्याच्या गणितात मात्र आजही बुडबुड्यावरचा अवरोध, त्यांचे फुटणे, जुळणे, यांसाठी प्रयोगांतून आलेली सूत्रेच भरावी लागतात. ती चुकीची घातली तर पडद्यावरचे रंगीत चित्र तितक्याच ऐटीत चुकीचे उत्तर देते. म्हणून पुणे जिल्ह्यातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एकच सुचवावेसे वाटते. ओपनफोममध्ये पहिला बुडबुडा चढवण्याआधी साखरपाण्यातला बुडबुडा स्वतः मोजा. काचेचे उंच भांडे, साखर, एक सिरिंज, मोजपट्टी आणि मंदगती चित्रण करणारा मोबाइल एवढ्यावर भागा-वेबरचा प्रयोग ढोबळमानाने करता येतो. त्याहून नेटकी मांडणी करायची असेल तर केंदूरशेजारी पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे, आणि २००२ सालापासून तिथे उपकरणे घडवण्याची फॅब लॅबही आहे.